उरुग्वेचा लढा विसरू नये



जागतिकीकरणापुढे छोट्या देशांचे आरोग्यप्रबोधन हतबल ठरते, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा निष्कर्ष अर्धाच खरा आहे.

उरुग्वेने सिगारेटच्या पाकिटाचा 80 टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्यांसाठी राखला. त्यावर फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीने 2010 मध्ये स्वित्झर्लंड-उरुग्वे गुंतवणूक कराराचा आधार घेऊन या चिमुकल्या देशाला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले. दडपण मोठेच होते.

पण 2016 मध्ये उरुग्वे जिंकला! खर्चापोटी 70 लाख डॉलर देण्याचा आदेश कंपनीलाच झाला. उरुग्वेच्या पाठीशी 2005 पासून लागू असलेला जागतिक तंबाखू नियंत्रण करार होता आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही लवादापुढे लेखी निवेदन दिले होते. हेही जागतिकीकरणच. 2016 मध्येच भारतातही पाकिटावरील इशारा 85 टक्क्यांवर गेला.

– एक वाचक