मेलेल्याच्या नावाचा सातबारा अन् जित्याचे हाल

डोणगाव (ता. मेहकर) : ‘साहेब घरी आले’ म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी मनात येतात. एक वसुली, नाहीतर पंचनामा. सुखदुःख विचारायला कुणी सरकारी माणूस ओसरीवर टेकला, असं क्वचितच घडतं. म्हणून गरीब घराला भेट द्यायची ती कशासाठी, याचा विचार आज करू.

घरोघर जाण्याची कल्पना नवी नाही. इस्रायलचे डॅनियल बेनॉर यांनी मांडलेली ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत १९७४ साली राजस्थानातील चंबळ भागात सुरू झाली आणि १९८१-८२ पासून आपल्या राज्यात आली. ठरलेल्या वारी, दर पंधरवड्याला, गावातल्या संपर्क शेतकऱ्याला भेटायचं, त्याच्याकडून इतरांना कळेल, असा हिशोब. पण संपर्क शेतकरी बहुधा विहीर-बैल बाळगून असलेला, आणि दोन-तीन एकर कोरडवाहूवाल्याच्या दारापर्यंत निरोप पोचेच असं नाही. आफ्रिकेतल्या केनियातही हीच पद्धत नेली होती. तिथं खर्चाच्या मानानं फळ मिळालं नाही.

पुढं २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग विदर्भात येऊन शेतकरी कुटुंबांना भेटले. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं; त्यात आपला बुलढाणाही होता. १ सप्टेंबर २०२२ पासून ‘माझा एक दिवस माझ्या बळीराजासाठी’ ही मोहीम राज्यानं काढली, सुरुवात मेळघाटातून झाली. हे सगळं बरंच झालं. पण गाडीचा धुराळा खाली बसल्यावर त्या घरात काय उरलं, हाच खरा प्रश्न आहे.

एक उदाहरण धरा. बाईचा नवरा गेला. शेती सासऱ्याच्या नावावर, आणि सासराही मागंच वारलेला. कसते ती, सातबारा मात्र मेलेल्या माणसाचा. तिला बँक पीककर्ज देत नाही. अतिवृष्टीची मदत आली तर ती सासऱ्याच्या नावानं. कृषी विभागाच्या योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तोही जमीन नावावर असल्याशिवाय निघत नाही. म्हणजे बी-बियाणं, ठिबक, अवजारं, सगळी दारं एकाच कुलपानं बंद! अशा घरी जाऊन बीजप्रक्रियेवर भाषण दिलं तर ती बाई काय म्हणेल?

म्हणूनच ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचं मोल आहे. आपल्याला अभिमान वाटावा, की १ मार्च २०२५ ला ती आधी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि १ एप्रिलपासून राज्यभर गेली. चावडीवर मयत खातेदारांची यादी वाचायची, वारसांचे कागद घ्यायचे, फेरफार करून जित्या माणसाचं नाव लावायचं. पण मोहिमेची तारीख संपली म्हणजे काम संपलं असं नाही. माणसं दरवर्षी जातात. वारसा हक्कानं जमीन मिळाल्यावर ३ महिन्यांच्या आत तलाठ्याकडं कळवावं, असं महसूल कायदा सांगतो.

इथं एक गोष्ट कान देऊन ऐका. हिंदू वारसा कायद्यानं, मुलगा बापाच्या आधी वारला तरी त्याची विधवा आणि लेकरं सासऱ्याच्या जमिनीत वर्ग एकचे वारस ठरतात. लेकींचंही नाव लागतं. ‘भाऊ बघून घेतील’ म्हणून ती नावं गाळू नका. आज गाळलेलं नाव उद्या कोर्टात उभं राहतं.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी आणि आम्ही कृषीवाले, सगळ्यांना विनंती आहे. घरी गेलात तर चार प्रश्न विचारा :

१) सातबारा कुणाच्या नावाचा? तो माणूस हयात आहे का? नसल्यास मृत्यूचा दाखला आहे का?
२) ई-पीक पाहणी केली का? मोबाइल नसेल तर कुणी करून देईल?
३) देणं कुणाचं? बँकेचं, सोसायटीचं की सावकाराचं?
४) घरात वीज पडून, साप चावून, फवारणीच्या विषबाधेनं कुणी गेलं का? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाखांची मदत आहे, पण प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी कार्यालयात पोचला पाहिजे. दुःखातलं घर दिवस मोजत नाही. ते आपण मोजायचे.

आत्महत्येनंतर पात्र कुटुंबाला १ लाख मिळतात, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. त्या चौकशीलाही आपणच जातो. मग तीच वाट माणूस असताना का तुडवू नये? कर्ज, नापिकी अन् कागदाची अडचण आधी कळली, तर निदान कागदाची गाठ तरी आपल्या हातानं सुटते.

शेतकरी मंडळींनीही लाजू नये. शेजारच्या घरी असा अडलेला सातबारा असेल तर ग्रामसभेत नाव सांगा. पेरणीच्या धांदलीत हे कुणाला सुचत नाही. उन्हाळ्यातच उरकून घ्या.