संघ कोणाच्या नावावर?

भातकापणी आटोपली की रायगडमधल्या चौकपासून कर्जतपर्यंतच्या खाचरांवर रोलर फिरतो आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. या स्पर्धा दोन तऱ्हांच्या असतात. ‘एक गाव एक संघ’ या स्पर्धेत खेळाडू त्याच गावचा लागतो, आधार कार्ड बघूनच त्याला मैदानात सोडतात आणि संघाचा खर्च मंडळाच्या वर्गणीतून निघतो. दुसरी तऱ्हा ‘प्रीमियर लीग’ची. तिथे खेळाडूंचा लिलाव होतो, संघाला मालक असतो आणि जर्सीवर त्याच्या धंद्याचे नाव असते. या दुसऱ्या तऱ्हेच्या बाजूने आमच्याकडे एक युक्तिवाद आता इतक्या ठामपणे केला जातो की त्याला उत्तर देणे भाग आहे.

युक्तिवाद असा. वर्गणीवर संघ फार तर तग धरतो, मोठा होत नाही. मोठे व्हायचे तर पैसेवाला मालक हवा. तो प्रशिक्षक आणतो, पोरांना मानधन देतो, शिस्त लावतो. मंडळाच्या हाती कारभार राहिला की भाऊबंदकी शिरते, हिशेब अडतो, आणि गावातला गुणी पोरगा शेवटी एखाद्या कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो.

यातले शेवटचे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागते, कारण ते खरे आहे. त्याच्याकडे मी शेवटी येणारच आहे. पण आधी हे तपासू, की पैसेवाला मालक आल्यावर संघाचे खरोखर काय होते.

ही तपासणी क्रिकेट-कबड्डीवर करता येत नाही. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली. रायगडच्या गावोगावच्या मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्या कबड्डीपटू घडवले, पण त्या लीगमध्ये शिरायला गावच्या मंडळाला दारच नाही. संघ विकत घ्यायचा असतो, जिंकत जिंकत तिथे पोहोचता येत नाही. फुटबॉलची रीत वेगळी. तिथे तळातल्या विभागातला क्लब एकेक पायरी चढून वर जाऊ शकतो, आणि मालकाचा क्लब व लोकांचा क्लब हे दोन्ही प्रयोग जगभर, आपल्या महाराष्ट्रातही, शेजारी शेजारी झालेले आहेत.

आधी पुण्याकडे बघा, चौकपासून घाट चढला की आलेच. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. संघ चांगला होता, 2012-13 च्या आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला. 2015 मध्ये समूहाने हात आखडता घेतला आणि संघ संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी 2014 मध्ये थाटात उतरला, आय-लीगचा एक हंगाम खेळला, शेवटचा आला आणि मिटला. शिवाजियन्स या पुण्याच्या जुन्या संघाच्या नावाआधी डीएसके ही अक्षरे लागली, 2015-16 मध्ये त्याला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला, आणि 2017 नंतर तोही राष्ट्रीय लीगमधून गेला. वाधवान समूहाच्या एफसी पुणे सिटीकडे हृतिक रोशन सहमालक होता, बालेवाडीचे स्टेडियम होते, आयएसएल या नव्या लीगची 2017-18 ची उपांत्य फेरी होती. 2019 मध्ये तो क्लब बरखास्त झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. बारा वर्षांत एका शहरात चार श्रीमंत संघ उभे राहिले आणि चौघांपैकी एकही उरला नाही. मुंबईतही हेच घडले. महिंद्रा युनायटेड 2005-06 चा राष्ट्रीय विजेता होता, तो 2010 मध्ये बंद झाला. एस्सेल समूहाचा मुंबई एफसी 2007 मध्ये निघाला आणि 2017 मध्ये तळाला जाऊन थांबला.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार असते: दोष मालकांचा नव्हता, आय-लीगमध्ये उत्पन्नच नव्हते, फुटबॉल महासंघाने आयएसएल आणून नियम बदलले, तोट्याचा धंदा कोण किती दिवस करणार? मला हे सगळे मान्य आहे. महिंद्राने किंवा पिरामलांनी काही पाप केले असे मी म्हणत नाही. उद्योगपतीने तोटा मोजून बाहेर पडावे, हा त्याचा हक्कच आहे. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. संघाचे असणे-नसणे ज्याच्या ताळेबंदावर अवलंबून आहे, त्याने ताळेबंद मिटला की संघही मिटतो. बालेवाडीच्या स्टँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या, गळा बसेपर्यंत ओरडणाऱ्या पोरांना यांपैकी एकाही निर्णयाआधी कोणी विचारले नाही. विचारायची कायदेशीर गरजच नव्हती.

गोव्याचे उदाहरण माझ्या बाजूला जरा अडचणीचे आहे, म्हणून ते टाळत नाही. धेंपो, साळगावकर ही खाण-उद्योगातली घराणी. त्यांनी क्लब हंगामापुरते नाही, दशकानुदशके सांभाळले. धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला. मातीशी नाते असलेला श्रीमंत माणूस परका गुंतवणूकदार नसतो, हे त्यांनी दाखवले. तरीही 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. महासंघाच्या नव्या आराखड्यावरचा त्यांचा राग रास्त होता असे मलाही वाटते, पण तिथेही पाठीराख्याला बातमी वर्तमानपत्रातूनच कळली.

आता कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ही नावे वाचतानाच कळते की संघ पेठेचा आहे. कुस्तीच्या तालमींच्या अंगणातून हा फुटबॉल वाढला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला की तिकीट काढून जेवढे लोक येतात, तेवढे पुण्याच्या कितीतरी आय-लीग सामन्यांना आले नसतील. संघाचा खर्च वर्गणी, देणगी आणि बक्षिसांच्या रकमेतून निघतो. एखाद्या वर्षी संघ कमकुवत होतो, देणगीदार रुसतो, कार्यकर्त्यांत फूट पडते, पण तालीम ‘बंद’ करण्याचा अधिकार कोणा एकाच्या खिशात नाही, म्हणून ती बंद होत नाही.

कोल्हापूरचे दोषही मी जाणतो. पाठीराख्यांच्या हाणामाऱ्या झाल्या आहेत, सामने थांबले आहेत. परदेशी खेळाडूंना पैसे देऊन खेळवण्याची लाट येऊन गेली आणि त्या चढाओढीत तालमींची कंबर वाकली. राजकारण्यांचा हात डोक्यावर असतोच. एकही तालीम आय-लीगपर्यंत पोहोचली नाही. अनिकेत जाधवसारखा कोल्हापूरचा मुलगा 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, पण त्यासाठी त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. म्हणजे लोकांची मालकी संघ जिवंत ठेवते, तो आपोआप वर नेत नाही. पण वर जायला आधी जिवंत असावे लागते, आणि पुण्याच्या त्या चार संघांकडे आज तेवढेही नाही.

‘रेक्सहॅम बघा!’ असे आता कोणीतरी म्हणणारच, आणि मोबाइलवर त्या क्लबवरची मालिका पाहिलेल्या पोरांना तोच हुकमी एक्का वाटतो. वेल्समधला हा क्लब 2021 मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी या दोन नटांनी घेतला. 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षे तो एकेक विभाग वर चढला. चमत्कार खरा आहे. पण त्या मालकांनी क्लब कोणाकडून घेतला? पाठीराख्यांच्या ट्रस्टकडून. 2011 मध्ये तो बुडायच्या बेताला आला होता. हंगाम खेळायला परवानगी मिळावी म्हणून लागणाऱ्या अनामतीसाठी लोकांनी एका दिवसात लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. मग दहा वर्षे ट्रस्टने पाचव्या विभागात क्लब चालवला, कर्जातून सोडवला. नटांचा प्रस्ताव आला तेव्हा सभासदांनी मतदान केले आणि अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त मते बाजूने पडली. विकायचे की नाही, कोणाला आणि कोणत्या शब्दावर, हे लोकांनी ठरवले. ज्या पाठीराख्यांच्या हाती हा निर्णय नसतो त्यांचे काय होते, ते इंग्लंडमधल्याच बरीत दिसते. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. 2018 मध्ये तो एका पौंडात एका गृहस्थाच्या हाती गेला आणि ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून हाकलला गेला. रेक्सहॅम हे श्रीमंत मालकाच्या बाजूचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मी ते पाठीराख्यांच्या मताच्या बाजूचे मानतो.

माझ्या पक्षावरही एक डाग आहे. 2008 मध्ये एब्सफ्लीट युनायटेड हा इंग्लंडमधला छोटा क्लब इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे तीस हजार लोकांनी प्रत्येकी 35 पौंड भरून घेतला. त्याच वर्षी संघाने एफए ट्रॉफी जिंकली. पुढच्या वर्षांची वर्गणी बहुतेकांनी भरलीच नाही, आणि 2013 मध्ये क्लब सोडून द्यावा लागला. ज्यांनी ते मैदान डोळ्यांनी पाहिले नव्हते त्यांना हरलेल्या संघाची लाज वाटायचे कारणच नव्हते. म्हणून ‘लोकांची मालकी’ म्हणताना मला कोणतेही लोक अभिप्रेत नाहीत. संघ हरल्यावर ज्यांना दुसऱ्या दिवशी एसटी थांब्यावर टोमणे ऐकावे लागतात, ते लोक मला म्हणायचे आहेत.

चौकमध्ये हा प्रश्न आजच का तातडीचा आहे? पनवेल-कर्जत उपनगरी मार्गावर चौक हे स्थानक आहे, पलीकडे नवी मुंबईचा विमानतळ झाला, आणि इर्शाळगडाच्या पायथ्यापर्यंत प्लॉटच्या पाट्या लागल्या आहेत. आज आमच्याकडे संघाला पैसे देऊ शकणारा माणूस बहुधा जमिनीच्या व्यवहारातला असतो, आणि आमच्या खेळाची खरी मालमत्ता जमीनच आहे. खाचर विकले गेले, भोवती कंपाउंड पडले, की हंगाम संपला. संघ आणि मैदान दोन्ही एकाच्याच हाती गेले तर उद्या मैदानाचा प्लॉट होताना अडवायचे कोणी?

म्हणून मागणे सरळ आहे. मंडळाची सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा. घटनेत लिहा की संघाचे नाव, मैदान आणि संघ मिटवण्याचा निर्णय या तीन गोष्टी सर्वसाधारण सभेच्या दोन तृतीयांश मतांशिवाय हलणार नाहीत. न्यासाच्या नावावर जागा असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, लांब मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. जागा पंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. जर्मनीत 1998 पासून क्लबची बहुसंख्य मते सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. त्याला पळवाटा निघाल्या, पण तिथले क्लब अजून गावांचे आहेत. पैसेवाल्याला आपण हाकलत नाही. जर्सीवर त्याचे नाव तीन वर्षे घाला, उद्घाटनाला बोलवा, शाल-श्रीफळ द्या. मत मात्र त्याचेही एकच.

आणि तो गेटवर उभा राहणारा पोरगा? त्याच्यासाठी पैसा लागतोच, आणि तो मालकाशिवाय मिळण्याची सोय कायद्यात आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या परिशिष्ट सातमध्ये ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पाताळगंगा-रसायनीची औद्योगिक वसाहत आमच्या शेजारी आहे, खोपोलीचे कारखाने वीस-पंचवीस मिनिटांवर. या पैशातून प्रशिक्षक नेमता येतो, दुखापतीचा विमा काढता येतो, सराव करणाऱ्या पोरांचा जेवणखर्च भागतो. त्यासाठी न्यासाला आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी लागते, सीएसआर-1 हा अर्ज भरावा लागतो, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. काम किचकट आहे. गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला किंवा बँकेतल्या माणसाला त्यासाठी वर्षातले कितीतरी रविवार द्यावे लागतील, आणि मंडळाने त्याला ते कृतज्ञतेने मागावेत. कंपनीच्या दारात जाणारा मदतीचा अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर जाऊ शकतो, संघमालकाच्या लेटरहेडवर नाही.