झोका, गणित आणि सायलॅब

बोरीवली पूर्व असो की पश्चिम, घरातले मूल अभियांत्रिकीला गेले की दुसऱ्या वर्षापर्यंत एक तक्रार ऐकू येतेच: गणित डोक्यावरून जाते. मग क्लास शोधायचा. फीसाठी आई भिशीचे पैसे उचलते. आम्ही क्लासच्या विरोधात नाही. पण पैसे भरण्यापूर्वी पालकांनी एक गोष्ट जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

शाळा-कॉलेजच्या पुस्तकातला लंबक सर्वांना ठाऊक आहे. एक मीटर दोरा, खाली वजन, एका पूर्ण झोक्याला सुमारे २ सेकंद. मुले सूत्र पाठ करतात. झोका लहान आहे असे धरून हे सूत्र सोपे केलेले असते, हे मात्र फारसे कोणी ठासून सांगत नाही. तोच लंबक ९० अंशांवरून सोडला, तर झोक्याला सुमारे २.४ सेकंद लागतात. खरे समीकरण अरेषीय आहे. कारण दुप्पट केले म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. अशी बहुतेक समीकरणे वहीत नेहमीच्या रीतीने सुटत नाहीत.

संगणक ती वेगळ्या वाटेने सोडवतो. आत्ता लंबक कुठे आहे, वेग किती, त्यावरून पुढच्या क्षणी तो कुठे असेल, हा हिशेब तो हजारो वेळा करतो व आलेख काढून दाखवतो. यासाठी सायलॅब नावाचा, मूळ फ्रान्समधला, मोफत प्रोग्रॅम आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने त्याचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले आहेत. अनेक पाठ मराठीतही आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला याचे मोल अधिक कळेल.

त्यातल्या एका पाठात तीन उदाहरणे आहेत. पहिले लंबकाचे. दुसरे हॉलंडचे व्हॅन डर पोल यांचे. रेडिओच्या व्हॉल्व्हच्या अभ्यासातून निघालेले हे आंदोलन जवळपास कुठूनही सुरू केले तरी शेवटी एकाच ठेक्यात येते; १९२८ साली त्यांनी हृदयाच्या ठोक्यांनाही तोच विचार लावला. तिसरे लॉरेन्झ यांचे. १९६१ साली अमेरिकेत हवामानाचा हिशेब करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ घातले आणि काही वेळाने उत्तर पार निराळे आले!

पाठ मोबाइलवर पाहता येतो. हात चालवायला मात्र संगणक हवा. घरी नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसावे. नुसते पाहून काही येणार नाही. लंबक १० अंशांवरून सोडा, मग ९०, मग दोऱ्याऐवजी ताठ सळई धरून १७०. शेवटच्या झोक्याला जवळजवळ ५ सेकंद लागलेले दिसतील.

त्याआधी घरी दोऱ्याला नट बांधून, घड्याळ लावून दहा झोके मोजा. पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. हवेमुळे थोडा फरक येईल. ती हवा समीकरणात कशी घालायची, हे मुलांना विचारा.