रुजू होण्याआधीच नकार द्यायचा असेल तर

बारावीनंतर नर्सिंग शिकणाऱ्या मुली आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगाव आहेत. कोणी लोणीला शिकते, कोणी पुण्याला. शिक्षण संपले की परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचे आणि दवाखान्यांत अर्ज टाकायचे. पुष्कळदा असे होते, की एका ठिकाणी होकार कळवावा आणि हजर होण्याआधीच सरकारी नोकरीचा हुकूम यावा, नाहीतर घरात आजारपण निघावे. मग घरची मंडळी म्हणतात, "अजून कामावर कुठे गेलीस? जाऊच नको, झालं!"

असे करू नये. दवाखान्यात सकाळ, दुपार आणि रात्र अशा पाळ्या असतात. नव्या सिस्टरचे नाव तक्त्यात लागलेले असते. ती आलीच नाही, तर रात्रभर जागलेल्या बाईला सकाळीही थांबावे लागते. त्या खाटेवर आपल्याच गावचा म्हातारा असू शकतो!

म्हणून नकार ठरताच दोन ओळींचे पत्र द्यावे. "आपले नेमणूकपत्र मिळाले. घरच्या अडचणीमुळे मी हजर होऊ शकत नाही. ही जागा दुसऱ्या उमेदवारास द्यावी." खाली सही, तारीख. पोच घ्यावी आणि नक्कल जपून ठेवावी.

मात्र हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये. निवड यादीत नाव आले म्हणजे नेमणुकीचा हक्क मिळाला असे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सांगितले आहे. दुसरा हुकूम हाती पडेपर्यंत पहिल्या जागेला नकार कळवू नये.

बाँडवर सही झाली असेल तर तो नीट वाचावा. त्यात मोठी रक्कम लिहिली म्हणून सगळी भरावीच लागते असे नाही. 1872 च्या करार कायद्याच्या 74 व्या कलमाप्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते, लिहिलेल्या रकमेहून जास्त नाही. गुणपत्रिका व नोंदणीचा मूळ दाखला कोणाकडे ठेवू नये, नकला द्याव्यात.

शेवटचे सांगणे आईबापांना. सोयरीक जमली, पाहुणे नको म्हणाले, म्हणून पोरीच्या नावाने परस्पर फोन करून नोकरी मोडू नका. तिला शेजारी बसवून विचारा. रात्री जागून अभ्यास तिने केला आहे. जायचे की नाही, हे तिनेच ठरवावे आणि पत्रही तिनेच लिहावे.