दुखणं मज्जातंतूंचं, झडती स्वभावाची

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा 'मनात कोंडलेल्या रागाचा आजार' आहे, असं एका व्याख्यात्यानं नुकतंच ठणकावून सांगितलं. तो तरुण बायकांनाच का होतो? तर त्या घर-नोकरीच्या ओढाताणीत कुढतात, कुणाला माफ करत नाहीत. मन मोकळं करा, रोग पळेल! टाळ्या पडल्या म्हणे. पडणारच. निदान फुकटात आणि दोष रोग्याच्याच माथी, यापरतं सोयीचं काय?

हे मत नवंही नाही. १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात या रोगाचं सविस्तर वर्णन करणाऱ्या शार्कोनं दीर्घकाळच्या दुःखाचा, मनस्तापाचा उल्लेख केला होता. पण त्याच्या काळी विषाणू कुणाला ठाऊक नव्हते. आमच्या वक्त्यांना ती सबब नाही.

आता मुद्द्याचं. कारण आधी घडावं लागतं, एवढं तरी मान्य असावं. २०२२ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी सैन्यदलातल्या एक कोटीहून अधिक लोकांची वीस वर्षांची माहिती तपासली. त्यात ९५५ जणांना एमएस झाला. सैन्यात नियमित रक्त घेऊन साठवतात, त्यामुळे रोगाच्या आधीचं रक्त हाती होतं. नमुने उपलब्ध असलेल्या ८०१ रुग्णांपैकी ३५ जणांत सुरुवातीला एपस्टाईन-बार विषाणूचा मागमूस नव्हता. त्यातल्या ३४ जणांना तो रोगाआधी गाठून गेला. या लागणीनंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढलेला दिसला. लाळेतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूनं तो वाढला नाही. मज्जातंतूंच्या इजेची खूण असलेलं प्रथिनही रक्तात वाढलं ते या लागणीनंतरच. आता वक्त्यांनी सांगावं, गिळलेला राग नेमका कोणत्या नळीत सापडला?

विषाणू एकटा पुरत नाही, हेही खरं. जगातल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांत तो असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो. जनुकं लागतात, पण तीही पुरत नाहीत: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण चारात एक. कमी ऊन, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा यांचाही हात असतो. मुंबईच्या पारशी समाजात हा रोग इतर भारतीयांपेक्षा अधिक आढळला आहे. राग गिळण्याबद्दल काही हा समाज प्रसिद्ध नाही!

बायकांत प्रमाण दोन-तीन पट, हे खरं. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत रोगाचे झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत वाढतात. हा खेळ प्रतिकारशक्तीचा आहे, माफीचा नव्हे. ताणानंतर झटका येऊ शकतो, असं काही अभ्यास सांगतात. पण असलेला रोग उसळणं वेगळं आणि रोग जडणं वेगळं.

असला वाद पूर्वीही झडला आहे. पोटातला अल्सर म्हणजे चिंतेची देणगी, असं शहाणी माणसं वर्षानुवर्षं सांगत होती. पुढे बहुतेक अल्सरांमागे जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या निघाल्या. चिंता करणाऱ्यांची माफी मात्र कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

मग आमचं म्हणणं काय? थोडकंच आहे. प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीच्या नसेतल्या मज्जातंतूंचं आवरण कुरतडते. सुमारे ८५ टक्के रुग्णांत रोग झटक्यांनी येतो आणि ओसरतो. बाकीच्यांत पहिल्यापासून हळूहळू वाढत जातो. दोन झटक्यांमधल्या शांत काळातही आत नुकसान चालू राहू शकतं. म्हणून औषधं लवकर सुरू करायची, सिगारेट सोडायची. मन मोकळं करायला आमची ना नाही, पण औषधाच्या जागी नको.

एका डोळ्याला अचानक अंधूक दिसू लागलं, डोळा हलवताना दुखलं, किंवा हातापायातला बधिरपणा दिवसभरातही गेला नाही, तर आपल्या स्वभावाची उलटतपासणी करत बसू नका. त्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.