गॅलरीतला फोन

परवापरवापर्यंत गावाहून आईचा फोन आला, की मी गॅलरीत धाव घेत असे. ३१ जुलै १९९५ रोजी देशात मोबाईलवरून पहिले संभाषण झाले. आज फोन घरोघरी आहे. पण सळया-काँक्रीटच्या भिंती लहरी अडवतात. शेजारी म्हणाले, ‘बूस्टर बसवा.’ मोह झाला. परंतु परवान्याविना तो लावणे बेकायदा. शिवाय त्यामुळे आसपासच्यांचे फोन अडखळतात. सोसायटीच्या नळाला चोरून मोटार लावण्यासारखेच हे! २०१९ पासून आपल्याकडे वाय-फाय कॉलिंग आहे. घरात ब्रॉडबँड असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये ते सुरू करावे. मी केले. आता स्वयंपाकघरात बसून बोलतो. आई म्हणते, ‘हल्ली घाईत नसतोस!’