पॅकिंग बदलायला मिस्त्री कशाला?

शेतकरी बंधूंनो, बियाणे, खते, कीड आणि रोग यांवर आम्ही लोक या पानावर नेहमी लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज तुमच्या ट्रॅक्टरचे बॉनेट उघडायचे आहे. इंजिनाच्या अगदी डोक्यावर एक झाकण असते. मिस्त्री लोक त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्या झाकणाखाली बुचाचे किंवा रबराचे पॅकिंग असते. उन्हातान्हात आणि इंजिनाच्या उष्णतेत ते कडक होते, चिरते आणि मग कडेने ऑइल पाझरू लागते. माझे म्हणणे एवढेच आहे, की हे पॅकिंग ट्रॅक्टरवाल्याने घरीच बदलावे आणि मृगाच्या आधी बदलावे.

तुम्ही म्हणाल, कृषी पदविका घेतलेल्या माणसाने कपाशीवर बोलावे, याला इंजिनाची उठाठेव कोणी सांगितली? त्याला कारण आहे. गेल्या मृगातली गोष्ट सांगतो.

माझ्याकडच्या एका गावात एक तरुण शेतकरी आहे. घरची ४ एकर जमीन आणि कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर. घरची पेरणी उरकून गावात भाड्याने पेरणी करायची आणि त्यातून हप्ता फेडायचा, असे त्याचे गणित. मे महिन्यात बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घ्यायला गेलो, तेव्हा त्याच्या इंजिनाच्या एका बाजूला ऑइलवर धूळ बसून काळा थर झालेला दिसला. विचारले तर म्हणाला, "थोडंसं गळतंय साहेब. रोज बघून टाकतो ऑइल. एवढा हंगाम उरकू द्या, मग मिस्त्रीला दाखवतो." मी "बघा बरं का" एवढेच म्हणालो आणि मोटारसायकल काढली. ती चूक माझीही होती.

पहिला चांगला पाऊस झाला. वाफसा आला आणि सगळ्या गावाला एकाच वेळी ट्रॅक्टर हवा झाला. पठ्ठ्या पहाटेपासून रात्रीपर्यंत शेतात. दोन-तीन दिवस ऑइलची काडी बघायचे राहून गेले. ऑइल प्रेशरचा काटा आधीपासूनच बंद होता. चौथ्या दिवशी भर शेतात इंजिन खडखडले आणि जाम झाले. क्रँकचे बेअरिंग गेले होते. इंजिन उतरवून तालुक्याला न्यावे लागले. परत यायला तीन आठवडे लागले. गावाने दुसरीकडून ट्रॅक्टर आणून पेरण्या उरकल्या, म्हणजे भाडे बुडाले. आणि याच्या स्वतःच्या ४ एकरांत सोयाबीन पडले ते १५ जुलै उलटल्यावर. सोयाबीनची पेरणी त्या तारखेच्या आत करा, हे मीच दरवर्षी गावोगाव सांगत असतो!

आता थेंबांचा हिशेब मांडू. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. दहा सेकंदांना एक थेंब गळाला तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ मिलिलिटर. दिवसाचे ८ तास धरले तर १४४ मिलिलिटर. दहा दिवसांत जवळजवळ दीड लिटर ऑइल मातीत जाते. हंगामात ट्रॅक्टर ८ तासांवर थांबत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. शिवाय हे ऑइल सायलेन्सरच्या गरम पाइपावर पडले की धूर होतो, आणि वर वाळलेला पालापाचोळा, भुसा साचलेला असेल तर पेट घ्यायलाही वेळ लागत नाही. मळणीच्या दिवसांत हा धोका जास्त. एवढे सगळे ज्या पॅकिंगमुळे घडते, त्याची किंमत बहुतेक ट्रॅक्टरांना तासाभराच्या नांगरटीच्या डिझेलपेक्षा कमी असते.

पण पॅकिंग आणण्यापूर्वी दुखणे नेमके कुठे आहे ते बघा. सगळे इंजिन काळे झाले असेल तर गळती कुठली ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. थंड इंजिन डिझेलच्या ब्रशने धुवा, पुसून कोरडे करा. झाकणाच्या सांध्याखाली अंगाला लावायची पावडर भुरभुरा आणि दहा मिनिटे इंजिन चालवा. हात मात्र पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. पावडर जिथे ओली होईल तिथे गळती. ऑइल वरून खाली ओघळते, म्हणून सर्वांत वरची ओली जागा खरी.

दुसरी गोष्ट ब्रीदरची. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर जायला एक नळी किंवा जाळी असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती याच झाकणावर किंवा त्याच्या जवळपास असते. ती मळाने बुजली की आत दाब साचतो आणि तो पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला दहा पॅकिंगे बदलली तरी गळती थांबायची नाही. म्हणून आधी ब्रीदर डिझेलमध्ये धुऊन मोकळा करा.

तिसरी गोष्ट, इंजिन संथ चालू असताना ऑइल भरायचे बूच सावकाश काढून बघा. थोडी वाफ येणारच. पण तिथून भकाभका धूर फेकला जात असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, पाणी कमी होत असेल किंवा ऑइल चहासारखे दुधाळ झाले असेल, तर हेडच्या मोठ्या पॅकिंगकडे संशय जातो. ही दोन्ही कामे घरची नव्हेत. तिथे मिस्त्रीलाच बोलवा. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नका.

दुखणे झाकणाच्या पॅकिंगचेच निघाले, तर काम असे करावे. ट्रॅक्टर सपाट जागी लावा, ब्रेक ओढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. झाकणाभोवतीची धूळ आधी झाडून घ्या, नाहीतर झाकण उचलताच ती आत पडेल. नट थोडेथोडे करून सगळे ढिले करा आणि वायसर त्याच क्रमाने ताटलीत ठेवा. झाकण चिकटून बसले असेल तर लाकडाच्या तुकड्याने बाजूने हलकेच ठोका. सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. त्याचा ओरखडा कायमचा राहतो आणि उद्या गळती तिथूनच सुरू होते.

झाकण निघाले की आत रॉकर आणि स्प्रिंगा दिसतील. घाबरू नका आणि त्यांना हातही लावू नका. खाली जाणाऱ्या भोकांवर दोरे न सुटणारे स्वच्छ फडके पसरा. जुन्या पॅकिंगचे तुकडे लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. पॉलिश पेपर मारू नका, त्याची रेती आत गेली तर बेअरिंग खाते. दोन्ही कडा डिझेलने पुसून अगदी कोरड्या करा. झाकण पत्र्याचे असेल तर ते काचेवर पालथे ठेवून बघा. भोकांजवळचा पत्रा फुगला असेल तर लाकडावर ठेवून हलक्या ठोक्यांनी सपाट करा.

नवे पॅकिंग आपल्या मॉडेलचेच घ्या. जुने सोबत नेले तर दुकानात भोके जुळवून बघता येतात. बुचाचे असेल तर झाकणाच्या बाजूला शेलॅकचा पातळ हात द्या, हेडची बाजू कोरडी ठेवा. रबराचे बहुधा कोरडेच बसते. सिलिकॉनचा लेप थापू नका. जास्तीचा लेप आत दाबला जातो, त्याचे तुकडे सुटतात आणि खाली ऑइलची जाळी तुंबवतात. झाकण बसवण्यापूर्वी फडके काढले का, ते दोनदा बघा. मग नट हाताने टेकवा, आणि लहान पान्याने समोरासमोरचे थोडेथोडे करून आवळा. मनगटाचा जोर पुरे. किती आवळायचे त्याचा आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेला असतो. शेवटी बॅटरीची वायर जोडा, ऑइलची पातळी बघा, दहा मिनिटे इंजिन चालवा आणि सांधा तपासा.

आवळण्यावर एवढा जोर देतो, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे हेच काम मी पहिल्यांदा केले, तेव्हा गळू नये म्हणून पान्याला पाइप लावून नट आवळले. बुचाचे पॅकिंग दबून बाहेर आले आणि बिडाचे झाकण नटापाशी तडकले. वडील शेजारी उभे होते. म्हणाले, "अरे, नट आवळतोयस का बैल बांधतोयस?" नवे झाकण मिळेपर्यंत आठ दिवस शेजाऱ्याच्या इंजिनावर कांदा भिजवला.

या वर्षी एप्रिलमध्ये मी एका गावात मारुतीच्या देवळासमोर याच कामाचे प्रात्यक्षिक ठेवले. ट्रॅक्टर त्याच तरुणाचा. बचत गटाच्या एक वहिनी मागे उभ्या राहून बघत होत्या. मी पॅकिंग म्हणजे काय ते समजावत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, कुकरची रिंगच की ही! कड खरकटी राहिली तर शिट्टी होत नाही, आणि जुनी रिंग ताणून बसवली तर वाफ सुटते." मी अर्धा तास जे सांगत होतो, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. मग कडा पुसण्याचे काम त्यांनीच केले आणि आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगले केले. स्वच्छता आणि हलका हात ज्याला जमतो त्याला हे काम जमते.

काही जण म्हणतील, साहेब, तुम्ही मिस्त्रीच्या पोटावर पाय देताय. तसे मुळीच नाही. जून महिन्यात तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजसमोर जाऊन बघा, ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. त्यात पॅकिंगसाठी आलेला माणूस ताटकळतो आणि ज्याचे खरोखर मोठे काम आहे तोही ताटकळतो. मिस्त्रीचे कसब क्रँक आणि पंपासाठी लागते. आणि ज्याला आपले इंजिन आतून ठाऊक आहे त्याला कोणी काहीही सांगून फसवू शकत नाही, हा फायदा वेगळाच. दुसऱ्या बाजूला आपलेच लोक सांध्यात साबण भरतात, एम-सील थापतात, सुतळी गुंडाळतात. त्याला मी दुरुस्ती म्हणत नाही. ते दुखणे झाकून ठेवणे झाले.

खरा दोष मला आमच्या कामाच्या पद्धतीत दिसतो. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले. यंत्रांना अनुदान मिळाले, गावोगाव ट्रॅक्टर आणि औजारे आली. ते चांगलेच झाले. पण पाना धरायला कोणी शिकवायचे? ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांचे प्रशिक्षण देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था मध्य प्रदेशात बुदनीला, हरियाणात हिस्सारला, आंध्रात अनंतपूरजवळ आणि आसामात विश्वनाथ चारिआलीला आहेत. आपल्या राज्यात तशी एकही नाही. पेरणीच्या तोंडावर आमचा शेतकरी बुदनीला जाणार आहे थोडाच!

म्हणून माझी सूचना साधी आहे. खरीपपूर्व सभेत बीजप्रक्रियेनंतर अर्धा तास इंजिनासाठी ठेवावा. कृषी विज्ञान केंद्र आणि विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागातली माणसे बोलवावीत. गावच्या मिस्त्रीलाच मानधन देऊन शिकवायला उभे करावे, म्हणजे त्यालाही मान मिळेल. गावात गोटी पान्यांचा एक संच सामायिक असावा. खर्च फार नाही.

मात्र सभा होईपर्यंत वाट बघू नका. उद्या सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी दोन कामे करा. ऑइलची काडी काढून पातळी बघा आणि झाकणाच्या कडेवरून बोट फिरवा. बोट ओले झाले, तर हंगाम उरकण्याची वाट बघू नका. तो तरुण आता रोज बोट फिरवतो. मी त्याला मे महिन्यातच तसे बजावले असते, तर त्याचे सोयाबीन वेळेवर पडले असते.